वकिलीची सनद नाकारलेला ब्रिगेडियर जनरल

थ्रेड. ९ एप्रिल १८६५, अ‍ॅपोमॅटॉक्स, व्हर्जिनिया. जनरल लीच्या शरणागतीच्या अटी ग्रँटने पेन्सिलीने लिहिल्या. शाईत प्रत करायला बसलेल्या अधिकाऱ्याचा हात चालेना, म्हणून कागद ईली पार्करकडे आले. ती प्रत ज्याच्या सुवाच्य अक्षरात आहे, तो सेनेका जमातीचा होता. अमेरिकेचा नागरिक मात्र नव्हता.

पार्कर १८२८ साली न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथे जन्मला. १८३८ च्या वादग्रस्त तहाचा आधार घेऊन एक जमीन कंपनी सेनेकांना तेथून हुसकावू पाहत होती. इंग्रजी शिकलेला पार्कर कोवळ्या वयातच वडीलधाऱ्यांचा दुभाषी झाला. पुढे तो कायदाही शिकला. परंतु नागरिक नसल्याच्या कारणावरून त्याला सनद नाकारण्यात आली. मग त्याने इंजिनिअरिंगची वाट धरली.

लढा मात्र सुटला नाही. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की खाजगी कंपनीला सेनेकांना बळाने हाकलता येणार नाही. त्याच वर्षीच्या नव्या तहान्वये त्यांनी सुमारे ७,५०० एकर जमीन विकत घेतली. स्वतःचीच जमीन, विकत!

यादवी युद्ध पेटल्यावर पार्करने सेवा देऊ केली. हे गोऱ्यांचे युद्ध आहे, असे सांगून परराष्ट्रमंत्री सेवर्डने त्याला परत पाठवले. अखेर १८६३ साली जुना स्नेही ग्रँट याच्या प्रयत्नांनी तो कॅप्टन झाला. पुढे त्याचा लष्करी सचिव आणि मानद ब्रिगेडियर जनरल.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ग्रँटने १८६९ साली त्याला आदिवासी कारभाराचा आयुक्त नेमले. या पदावरचा हा पहिला आदिवासी. आणि येथेच त्याच्या चरित्रातला अवघड भाग येतो. जमाती ही सार्वभौम राष्ट्रे नव्हेत, त्यांच्याशी तह करणे थांबवावे, असे पार्करनेच अहवालात सुचवले. १८७१ मध्ये काँग्रेसने तसा कायदा केला. ज्याच्या गावाला तहाने तारले, त्यानेच तहांचे दार लोटले. पाळायचेच नसलेले तह ही फसवणूक आहे, हा त्याचा विचार समजतो. तरी ही चूक मला लहान वाटत नाही. तह मोडला, तरी न्यायालयात मांडायला कागद उरतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

त्याच वर्षी गैरव्यवहाराच्या आरोपांतून निर्दोष ठरूनही त्याने पद सोडले. उत्तरायुष्य न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात कारकुनी करण्यात गेले. १८९५ साली तो वारला. टोनावांडा आजही सेनेकांकडे आहे.