धूर, पिंप आणि गरज

स्कॉटलंडच्या पश्चिमेस ऐला नांवाचें बेट आहे. तेथें २००५ सालीं निघालेल्या किलहोमन भट्टीची पहिली व्हिस्की २००९ सालीं बाजारांत आली, तेव्हां ती अवघी तीन वर्षांची होती. अखेरचे कांहीं महिने ती शेरीच्या पिंपांत मुरली होती. अशा मद्याच्या चवींत रसिक धूर आणि मनुका शोधतात. आम्हांस त्यांत इतिहास सांपडतो.

बेटावर लांकूड दुर्मिळ. म्हणून मोड आणलेले जव दलदलींतून खणलेल्या पीटच्या विस्तवावर सुकवीत. तो धूर धान्यांतून मद्यांत उतरला. शेरी स्पेनहून ब्रिटनमध्यें पिंपांतून येई. रिकामीं पिंपें हाताशीं होतीं, तींच व्हिस्कीवाल्यांनीं भरलीं. तीन वर्षें मुरविण्याचा नियमही महायुद्धांतील मद्यपानास आळा घालण्याच्या खटपटींतून आला: १९१५ च्या कायद्यानें दोन वर्षें, १९१६ पासून तीन.

पुढें गरज सरली. कोळसा आला, १९८० नंतरच्या दशकांत शेरी बाटल्यांतूनच परदेशीं जाऊं लागली. तरी पीट आज मुद्दाम जाळतात, आणि पिंपांत शेरी मुरवितात तीही पुष्कळदां व्हिस्कीसाठींच. कोवळ्या मद्यांत धूर उग्र असतो, वयाबरोबर तो निवळतो. शेरीच्या पिंपाचा गोडवा त्या उग्रतेस सांवरून धरतो.

ज्या चवीस आपण परंपरा म्हणून मान देतों, तिच्या मुळाशीं टंचाई होती. ती टंचाई विसरून चव तेवढी मिरविणारांनीं परंपरेचा अर्धाच घोट घेतला, असें आम्हांस वाटतें.