मांडवीतले साडेचार महिने

आमच्या पणजोबांनी प्लेग दोनदा पाहिला, आधी मुंबईत, मग गावी. मुंबईत ते मांडवीला दाणाबंदरात हमाली करायचे. पोत्यांच्या थप्पीमागे उंदीर मरून पडू लागले तेव्हा मुकादम ते शेपटीला धरून गटारात भिरकावी आणि पुन्हा कामाला जुंपी. ही हकिकत आजोबांची. सांगताना तेही दोन बोटांची चिमूट पुढे धरत.

१८९६च्या सप्टेंबरात त्याच मांडवीत मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं ओळखलं. साथरोग कायदा झाला ४ फेब्रुवारी १८९७ला. मधे सरकार अगदीच स्वस्थ बसलं नव्हतं. घाणीला दोषी धरून गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिकनं धुणं चाललं होतं. (उंदरांनी तेवढ्यात बिऱ्हाड हलवलं असणार, हा आपला माझा तर्क.) ज्यांना जमलं ते गावाकडे पळाले. त्यांत पणजोबाही होते.

कायदा सप्टेंबरातच झाला असता तर? आजोबांचा हा लाडका प्रश्न. त्यांच्या मते निम्मी माणसं वाचली असती. मला नाही पटत. त्याच कायद्याखाली पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोजीर घरोघर शिरले, देवघरं तुडवली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो खाक्या मुंबईत लवकर आला असता, तर लोकांनी रोगीही लवकर लपवायला घेतले असते.

प्लेग पसरवण्यातला पिसवेचा दोष संशोधक सिमाँनी कराचीत दाखवला तो १८९८ साली. शास्त्रज्ञ हाफकिननी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली १० जानेवारी १८९७ला. तेव्हा सप्टेंबरातल्या सरकारकडून या दोन्हींची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. पण पणजीला तरी कुठे काय ठाऊक होतं? पुढे गावात साथ आली. कणगीमागे उंदीर पडलेला दिसला, त्याच संध्याकाळी तिनं घराला कुलूप घातलं आणि पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन माळावर कडब्याच्या खोपटात राहायला गेली. शेजारचे म्हणाले, दाणागोटा सोडून कसं जायचं? त्या घरात दिवा लावायला कोणी उरलं नाही.

मांडवीत सप्टेंबरात हेच करता आलं असतं. गोदामं आणि चाळी रिकाम्या करायच्या, माणसं कुटुंबासकट मोकळ्या मैदानात न्यायची, बुडालेली मजुरी हातात ठेवायची. पण त्यासाठी दाण्याचा व्यापार थांबवावा लागला असता, आणि धास्ती होती ती नेमकी बंदर बंद पडण्याची.

कायदा चारच कलमांचा होता. मजुराला भरपाई द्यावीच, असं त्यात कुठे नव्हतं. त्याखाली काम करणाऱ्यांना मात्र शेवटच्या कलमात संरक्षण होतं. २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं तोच कायदा लागू केला.