खाडीने आलेली माणसे

महाडचा इतिहास सांगणारे बहुधा रायगडापासून आरंभ करतात, आणि त्यात वावगे काही नाही. राजधानीच्या छायेत वसलेल्या गावाला तो मान आहेच. परंतु वरंध घाट उतरून महाडाकडे येणाऱ्याने गावाच्या पश्चिमेकडेही पाहावे. महाबळेश्वरावर उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते आणि तिच्या पात्रात दर्याची भरती चढू लागते. तेथून बाणकोटापर्यंत ती नदी कमी आणि खाडी अधिक. या खाडीने मचवे आणि पडाव आत येत. त्यांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून भोरकडे व पुढे देशावर जाई. महाडला जे आले, त्यातले पुष्कळसे या पाण्यावरून आले.

याची साक्ष फार जुनी आहे. महाडच्या वेशीजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात कुमार कानभोज विष्णुपालिताच्या दानाचा उल्लेख आहे. त्या दानात लेणे आहे, चैत्यगृह आहे, भिक्षूंच्या खोल्या आहेत. आणि लेण्याच्या दोन्ही अंगांना पाण्याची टाकीही आहेत. सुमारे अठरा शतकांपूर्वी राजपुत्राने पाणी दान केले आणि ते दगडावर कोरून ठेवले. त्याच गावात पुढे पाण्यावरून काय घडले हे ठाऊक असणाऱ्याला तो लेख वाचून थबकल्यावाचून राहवत नाही.

1755 मध्ये इंग्रज आरमाराने बाणकोटचा किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पुढच्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने तो इंग्रजांकडे कायम झाला, आणि खाडीच्या आतले दासगाव बंदरही त्यांच्या हाती गेले. या दोन ठाण्यांमुळे खाडीकाठच्या महार तरुणांना पलटणीचा रस्ता सापडला. पलटणीत गेलेला माणूस लिहावयास शिके, मुलांना शिकवी, आणि पेन्शन घेऊन गावी परते तो वाकून चालण्याची सवय विसरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली. परंतु दासगावातील पेन्शनरांच्या वस्तीत अक्षर रुजले होते. याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी त्यांना झगडावे लागले. 1927 च्या परिषदेमागे ज्यांचे परिश्रम होते, त्यांत मोरे अग्रभागी होते.

परिषदेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ठराव कागदावर राहिला आणि तळे होते तसेच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर जमावाने परिषदेच्या लोकांना झोडपले, आणि पुढे गोमूत्र व शेण घालून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. या अपमानाला उत्तर म्हणून डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरविण्याचे ठरले.

आता प्रश्न आला तो प्रवासाचा. मुंबईहून धरमतरला बोटीने उतरून पुढे सडकेने महाडला जाणे हा एक मार्ग. परंतु सडक लांबची, आणि मोटारवाल्यांनी या मंडळींना गाडीत घेण्यास नकार दिला तर वाटेतच अडकून पडावयाचे. तेव्हा खाडीचा मार्ग निवडण्यात आला. 24 डिसेंबरच्या सकाळी सुमारे दोनशे मंडळी पद्मावती आगबोटीने निघाली. छत्तीस वर्षांचे आंबेडकर त्यांचे पुढारी. तळ्याबाबत दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम दहा दिवसांपूर्वीच सुटला होता. ही मंडळी सहलीला निघाली नव्हती. पुढे लाठी आहे की तुरुंग, याचा भरवसा कोणालाच नव्हता.

पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद असत. हिवाळ्यात दर्या मऊ असतो. परंतु या दिवसांत पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा अंगाला झोंबल्यावाचून राहत नाही. बाणकोटाच्या मुखातून आत शिरले की दक्षिणतीराला मंडणगड तालुका लागतो. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. ज्या माणसाला पूर्वजांच्या गावच्या पाणवठ्यावरही मज्जाव झाला असता, तो त्याच मुलखाच्या कडेने, कोणाची परवानगी न घेता, पाण्यावरून चालला होता. खाऱ्या पाण्याला विटाळ होत नाही; विटाळ होतो तो गोड्या पाण्याला. कारण खारे पाणी कोणी पीत नाही, म्हणून त्यावर मालकीही सांगत नाही. अस्पृश्यतेचा उगम पावित्र्यात शोधणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचा विचार करावा. तीन वर्षांनी दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा सत्याग्रह झाला. तेथे परक्या सरकारशी झगडा होता. महाडला तो शेजाऱ्याशी होता, आणि म्हणून अधिक अवघड होता.

25 तारखेच्या दुपारी मंडळी दासगावी उतरली. तेथे हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. जिल्हाधिकाऱ्यांचा निरोप आल्याने आंबेडकर मोटारीने पुढे गेले. बाकीचे पाच मैल शिस्तीने चालत महाडला पोचले. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली होती. गावचे व्यापारी माल विकेनात, म्हणून दहा दिवस पुरेल इतका शिधा बाहेरून आणून ठेवावा लागला. अनंतराव चित्रे कित्येक दिवस आधीपासून या खटपटीत होते. छावणीची शिस्त निवृत्त सुभेदारांनी राखली. खाडीने शतकापूर्वी जे दिले होते, ते असे कामास आले.

अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या परिषदेची तुलना फ्रान्सच्या 1789 च्या राष्ट्रसभेशी केली. त्याच रात्री, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन झाले. 27 तारखेला न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करण्यात आला. मार खाण्याच्या तयारीने आलेल्या माणसांना परत फिरा असे सांगणे आणि त्यांनी ते ऐकणे, हे तळ्यात उतरण्याइतकेच कठीण होते. दावा दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

आज आगबोटी नाहीत. महाडला माणसे येतात ती महामार्गाने. दर 20 मार्चला तळ्याकडे लोटणाऱ्या गर्दीला दासगाव हे वाटेवरचे एक नाव असते. परंतु सडकेने जेव्हा अडवण्याची भीती होती तेव्हा त्या दोनशे जणांना खाडीने वाट दिली, हे या गावच्या इतिहासातून गळता कामा नये. आम्ही मास्तर लोक मुलांना नद्यांचे उगम आणि मुख पाठ करावयास लावतो. सावित्रीपुरते बोलायचे तर उगम व मुख यांच्यामध्ये असलेले दासगाव हे बंदरही त्यांच्या वहीत लिहिले गेले पाहिजे, आणि त्याच्यापुढे 25 डिसेंबर 1927 ही तारीख.