चाल लावणारे

श्रोतेहो, संगीत नाटकाचें नांव निघालें कीं आपणांस गाणारा नट आठवतो, पद रचणारा कवि आठवतो. परंतु त्या पदाला चाल कोणीं लाविली, हें विचारणारा विरळा. आज त्या तिसऱ्या माणसाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन कृष्णा पुढें सांगलीस जाते. त्या सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगविलें. त्यांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें आणि पात्रेंच पदें गाऊं लागलीं. साकी, दिंडी, ओवी यांच्या चाली लोकांच्या कानांत आधींच होत्या. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘शारदा’ (१८९९) नाटकांत अशाच सोप्या चालींस जवळ केलें. म्हणून जरठविवाहाचें तें दुःख घरोघरीं पोहोंचलें.

१९११ च्या ‘मानापमाना’पासून प्रकार पालटला. नाटककार खाडिलकर सांगलीचेच. चाली मात्र गोविंदराव टेंबे यांच्या. पदाच्या कवीहून चालीचा कर्ता निराळा झाला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’साठीं भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाच्या चिजांवर मराठी पदें बसविलीं. जें गाणें दरबारांत व बैठकींत मूठभर रसिक ऐकत, तें पिटांतल्या प्रेक्षकाच्या ओठांवर आलें. शब्द तानांत बुडतात, एका पदापायीं नाटक अडून बसतें, असा आक्षेपही निघाला. तो अगदींच खोटा नव्हता. तरी रागाची ओळख सामान्य माणसास करून दिली ती याच चालींनीं.

उत्तरेकडील समुद्रांत आइसलंड नांवाचें बेट आहे. तेथील ब्यार्नी थोर्स्टेनसन या धर्मोपदेशकानें लोकगीतें गोळा करून १९०६ ते १९०९ या काळांत छापिलीं. दोन गळ्यांनीं पंचमाच्या अंतरानें गाण्याचा जुना प्रकार त्यांत आहे. पुढें योन लेइफ्स (१८९९–१९६८) यानें अशा देशी गाण्याच्या पायावर वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना उभारल्या. एकानें टिपून ठेविलें, तें दुसऱ्यास भांडवल झालें.

आपल्याकडेही टिपण्याचें काम झालें. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले. १९०१ सालीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढिलें आणि आपली स्वरलिपि चालविली. भातखंड्यांनीं शेंकडों चिजा छापिल्या. परंतु स्वरलिपि हा गाण्याचा सांगाडा होय. मींड, हरकत, शब्दावरचा ठेहराव हें सारें गळ्यांतच राहतें, आणि गळा गेला कीं तेंही जातें.

म्हणून एक विनंति आहे. गांवांत कोणी वृद्ध नाटकांतलीं जुनीं पदें म्हणत असेल, तर त्याच्यापाशीं घटकाभर बसावें. हल्लीं खिशांतल्या यंत्रावरही आवाज धरितां येतो. पद धरून ठेवावें, आणि त्याखालीं कवीच्या नांवाशेजारीं चाल लावणाराचें नांवही अवश्य लिहावें. तेवढें ऋण आपल्याला फेडतां येण्यासारखें आहे.