मुखातील जंतू : शत्रू की सोबती?

दात किडला की आपण जंतूंस दोष देतो आणि त्यांचा नायनाट करावा असे म्हणतो. अशा वेळी जंतूंच्याच साहाय्याने दात राखावेत, ही कल्पना चमत्कारिक वाटते. ती कशी उदयास आली, ह्याचा इतिहास मात्र बोधप्रद आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक ह्या कापडाच्या व्यापाऱ्यास स्वतः घासलेल्या भिंगांतून नाना वस्तू न्याहाळण्याचा छंद होता. तो रोज मिठाने दात घाशी. तरीही फटींत जो पांढरा लेप राही, तो पावसाच्या पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली ठेवला. त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. परंतु ह्या जिवांचा दंतक्षयाशी संबंध उलगडण्यास आणखी दोन शतके लागली.

तो उलगडला विलोबी मिलर ह्या अमेरिकन दंतवैद्याने. बर्लिन येथे प्रयोग करून १८९० साली त्याने आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जंतू दात कुरतडीत नाहीत. ते अन्नातील साखर व पिष्ट आंबवितात, त्यापासून आम्ल होते आणि ते दातातील चुना विरघळविते, असे त्याने दाखविले. म्हणजे जंतू हा चोर खरा. पण त्याला घराचे दार उघडून देणारी साखरच!

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी एक विसंगती घडली. पॅरिसमध्ये मेचनिकॉफ हा शास्त्रज्ञ आंबविलेल्या दुधातील जंतूंची आरोग्यदायी म्हणून स्तुती करीत होता. तर त्याच कुळातील लॅक्टोबॅसिलस जंतू किडलेल्या दातांत विपुल आढळल्याने अनेक दंतवैद्य त्यांनाच आरोपी ठरवीत होते. १९२४ साली क्लार्क ह्या इंग्रज संशोधकाने 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' हा जंतू शोधला. त्याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. १९६० नंतर मात्र संशय त्याच्याकडे वळला. लॅक्टोबॅसिलस बहुधा आधीच पडलेल्या खळग्यात मागाहून वस्ती करतो, असे दिसून आले.

मग ह्या जुन्या आरोपीलाच पहारेकरी का नेमू नये? फिनलंडमधील संशोधकांनी हेल्सिंकीच्या बालसंगोपनगृहांत १ ते ६ वर्षांच्या ५९४ मुलांवर सात महिने प्रयोग केला. काहींना साधे दूध, तर काहींना निवडक लॅक्टोबॅसिलस घातलेले दूध दिले. त्या विशिष्ट वाणास दुधातील वा उसाची साखर आंबविता येत नाही, ही त्याच्या निवडीतील मोठी सोय होती. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुयुक्त दूध पिणाऱ्यांत, विशेषतः तीन-चार वर्षांच्या बालकांत, दात किडण्याचा धोका कमी दिसला. असे उपकारक जंतू दातावरील जागेसाठी व अन्नासाठी घातक जंतूंशी स्पर्धा करतात, असे मानले जाते.

फिनलंडच्याच तुर्कू नगरात १९७२ ते १९७४ ह्या काळात झायलिटॉल ह्या गोड पदार्थाची परीक्षा झाली होती. तो गोड लागतो, पण दंतजंतूंना त्यापासून आम्ल करता येत नाही. येथे युक्ती निराळी : शत्रूशी लढण्याऐवजी त्याची रसदच तोडावयाची.

तथापि घाई करू नये. अशा उपायांनी घातक जंतूंची संख्या काही काळ घटते, असे अनेक प्रयोगांत दिसले. पण दात दीर्घकाळ कीडमुक्त राहतात, ह्याचा भक्कम पुरावा अद्याप थोडा आहे. सेवन थांबविले की हे पाहुणे जंतू बहुधा मुखातून निघूनही जातात. आपल्या घरचे दही-ताक पौष्टिक खरे. पण त्यातील जंतू म्हणजे प्रयोगातील निवडक वाण नव्हेत, आणि साखर घातलेली लस्सी तर उलटेच काम करते.

लेव्हेनहुकपासूनच्या साडेतीन शतकांच्या ह्या वाटचालीचे सार पालकांनी ध्यानी धरावे. जंतूंविषयीचे निकाल फिरले, आरोपी बदलले. साखरेवरील आरोप मात्र कायम राहिला. म्हणून मुलांच्या हाती वरचेवर गोळ्या-चॉकलेटे देऊ नयेत, आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासण्याची शिस्त मोडू नये. नवा सोबती आला तरी जुना पहारा उठवावयाचा नसतो.