‘हर सीट हॉट सीट’: फुकटच्या बक्षिसाचा हिशेब

२००७ साली स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू असताना घरबसल्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा होती. एक प्रश्न, चार पर्याय. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून सोडत काढून एकाला दोन लाख रुपये. प्रवेशशुल्क नव्हते. मात्र उत्तर एसएमएसने किंवा फोनने द्यायचे, आणि एअरटेलच्या एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. हा दर नेहमीपेक्षा चढा होता.

एवढ्याशा रकमेसाठी एकटा माणूस कोर्टाची पायरी चढत नाही. तक्रार केली ती ‘सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स’ या संस्थेने. बक्षिसाचा खर्च ग्राहकाकडूनच काढायचा आणि ते फुकट असल्याचे भासवायचे, ही तेव्हाच्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा होती. राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये सरळ गुणाकार मांडला: सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये, ५२ भागांची बक्षिसे मात्र १ कोटी ४ लाखांची. स्टार इंडिया व एअरटेलवर एक कोटीची दंडात्मक भरपाई लादली गेली.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. बक्षिसे एसएमएसच्याच पैशांतून दिली गेली, हे तक्रारदाराने सिद्ध केलेले नाही, असे न्यायालय म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण कंपन्यांचा आपसातला जमाखर्च बाहेरच्या संस्थेने मिळवायचा कुठून, हा प्रश्न मला या निकालानंतरही सुटलेला दिसत नाही.