रिओखाचें मद्य व त्याचें ताट

स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या वरच्या खोऱ्यांत रिओखा नांवाचा प्रांत आहे. तेथील तांबडें मद्य वाडवडिलांपासून चालत आलेलें, असें म्हणण्याची चाल आहे. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. तेराव्या शतकांतील गोन्थालो दे बेर्सेओ या तेथील कवीच्या काव्यांतहि मद्याचा उल्लेख सांपडतो. मद्याची भलावण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु ‘परंपरा’ या शब्दाखालीं काय काय खपून जातें, हें पाहण्यास हें उदाहरण मोठें बोलकें आहे.

पूर्वी तेथील शेतकरी द्राक्षें दगडी कुंडांत आंबवीत आणि तें मद्य वर्षाच्या आंत संपवीत. फार दिवस ठेवलें तर तें बिघडत असे. १८४३ सालीं जनरल एस्पार्तेरो यास देशत्याग करावा लागला. त्याचा सहायक लुसियानो दे मुर्रिएता हाहि त्याजबरोबर लंडनास गेला. फ्रान्समधील बोर्दोच्या मद्यास तेथें केवढा मान आहे हें त्यानें पाहिलें. पुढें बोर्दोस राहून तो ती विद्या शिकला आणि १८५२ सालीं लोग्रोन्यो येथें, एस्पार्तेरोच्याच मद्यशाळेंत, ओकच्या पिंपांत मुरविलेलें मद्य त्यानें सिद्ध केलें. सामान्य शेतकऱ्यास हें परवडणारें नव्हतें. नवीं पिंपें घेण्यास पैसा लागतो, आणि मुरण्याची वाट पाहण्यास त्याहून अधिक.

एका माणसाच्या हौसेनें जें घडलें नसतें तें एका किड्यानें घडविलें. फायलोक्सेरा हा अमेरिकेंतून आलेला सूक्ष्म कीटक १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या मुळांस लागला. वेली कां वाळतात हें कोणास कळेना; १८६८ सालीं माँपेलिए येथील प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानें व त्याच्या सोबत्यांनीं मुळें उकरून पाहिलीं तेव्हां कोठें उलगडा झाला. बागा उजाड झाल्यावर बोर्दोचे व्यापारी पिरेनीज ओलांडून रिओखांत उतरले. १८६३ सालींच हारो गांवावरून बिल्बाओ बंदराकडे आगगाडी सुरू झाली होती. १८८२ च्या तहानें स्पॅनिश मद्यावरील फ्रेंच जकात उतरली. हारोच्या स्टेशनापाशीं जुन्या मद्यशाळांची जी वस्ती आहे ती त्या काळचीच. शेजाऱ्याच्या घरची आग आपली चूल पेटवून गेली, असाच हा प्रकार. पण १८९२ सालीं तो तह संपुष्टांत आला, आणि १८९९ सालीं तोच किडा रिओखांत शिरला. उपाय तोंवर ठाऊक झाला होता: अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपीय वेलीचें कलम.

आतां ताटाकडे वळूं. कोवळ्या कोकराच्या बरगड्या द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काटक्यांवर भाजणें ही तेथील खास पद्धत. चरबीमुळें मद्याचा तुरटपणा मऊ होतो, आणि मद्यानें चरबीचा जडपणा कमी वाटतो. जोडी जमते ती यामुळें. दुसरा पदार्थ बटाट्यांचा: बटाटे, वाळविलेली तांबडी मिरची आणि डुकराच्या मांसाचें ‘चोरिथो’ नांवाचें लाल सॉसेज यांचा रस्सा. तिसरा तांबड्या घेवड्याचा. यांपैकीं बटाटा, मिरची, घेवडा हीं तिन्ही अमेरिकेचीं. पिंपांचें ओकहि बहुधा तेथलेंच. वेलीचें मूळहि तेथलेंच! आपणहि हंसण्याचें कारण नाहीं. ‘बटाटा’ हा शब्दच आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला. मिरचीहि त्यांच्याच गलबतांतून इकडे आली. तरीहि एकादशीस बटाटा निःशंकपणें चालतो.

गंमत अशी कीं, निदान पांच वर्षें राखलेलें ‘ग्रान रेसेर्वा’ या बटाट्यांच्या रश्श्याशीं फारसें जमत नाहीं. मिरचीपुढें त्याचा नाजुक सुवास लोपतो. त्यास कोकराचें मांसच बरें. रश्श्याबरोबर शोभतें तें त्याच सालचें कोवळें मद्य. रिओखाच्या आलावा भागांत अख्खे घड कुंडांत आंबवून तें अजूनहि करतात, मुर्रिएता लंडनास जाण्यापूर्वीं करीत असत तसेंच.